टिंबानंतरची माणसं

नळजोडणीच्या अर्जाची छापील पोच घड्याळजींच्या हातात पडली, तेव्हा तिच्यावर कुटुंबातील सदस्यसंख्या ४.०० अशी नोंदलेली होती.

घड्याळजी सेकंदकाट्यावर पोट भरणारे गृहस्थ; पण त्या दोन शून्यांकडे त्यांनीही काणाडोळा केला. घरात नळ आला म्हणजे झालं. खालच्या सामाईक नळावरून दुसऱ्या मजल्यावर बादल्या चढवून त्यांच्या आत्याचे गुडघे पार कामातून गेले होते.

शून्यांचा उगम कचेरीतल्या लिपिकापाशी होता. त्याला तीन दिवसांच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गाला धाडलं होतं. पहिल्या दिवशी मजकूर छापायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी आकड्यापुढे टिंब देऊन दोन अंक छापायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. टिंब कुठे द्यायचं नाही, हा विषय चौथ्या दिवसाचा होता. तेव्हापासून कचेरीच्या कागदोपत्री मजले २.००, खिडक्या ३.०० आणि साहेब १.०० होते.

आठवड्याभरात घड्याळजींना निरीक्षकांसमोर बोलावणं आलं.

"टिंबाआधीचे चार कोण?"

"मी, आमची ही आणि दोन मुली."

"ठीक. टिंबानंतर दोन आहेत, ते कोण?"

"साहेब, ती शून्यं आहेत."

"दिसतंय मला. नावं सांगा."

"शून्याला कसलं नाव!"

"म्हणजे बिननावाची माणसं घरात ठेवता?" निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

घड्याळजी धावत लिपिकाकडे गेले. "बाबा रे, तेवढी दोन शून्यं काढून टाक."

"काढतो की, काका. पण सदस्य कमी करायचे तर मृत्यूचा दाखला लागतो."

"शून्याचा?"

"दोन लागतील. प्रत्येकी एक."

मृत्यूच्या खिडकीवर विचारलं, मयत जन्मले कधी? जन्माच्या खिडकीवर म्हणाले, बाळं समक्ष आणा. अखेर कचेरीनं मन मोठं केलं: टिंबानंतरच्या सदस्यांनी पडताळणीच्या दिवशी घरी हजर राहावं, गैरहजेरीत अर्ज रद्द समजला जाईल.

घरी येऊन घड्याळजींनी कपाळाला हात लावला. बायको हळूच म्हणाली, "अहो, आत्याबाई आहेत की."

खरंच होत्या. अर्जात तेवढ्या नव्हत्या. चार माणसांचा अर्ज एक पानी होता, पाचांचा नऊ पानी, आणि त्यात पाचव्या माणसाची निकड लेखी पटवून द्यावी लागे. "आत्या काय, घरचीच आहे," असं म्हणून घड्याळजींनी चारावरच भागवलं होतं.

ते चाचरत म्हणाले, "आत्या, त्या दिवशी जरा शून्य म्हणून उभी राहशील?"

आत्यानं बादली खाली ठेवली. दम खाल्ला. "राहीन की. सवय आहे."

ठरल्या दिवशी निरीक्षक आले. चार मोजले. "शून्य क्रमांक एक?"

"मी," आत्या ओले हात पुसत पुढे आली.

"राहता कुठे?"

"स्वयंपाकघराच्या दाराशी."

"करता काय?"

"पाणी भरते." मग भाच्याकडे न बघता ती म्हणाली, "साहेब, मी चाराला खेटून उभी राहिले असते, तर तुमच्या कागदावर चाळीस झाले असते. मधे टिंब आलं, एवढंच."

निरीक्षकांनी निर्विकारपणे शेरा लिहिला: एक शून्य प्रत्यक्ष आढळले. "दुसरं?"

घड्याळजींच्या हातून आयुष्यात पुष्कळ घड्याळं वेळेवर आली होती. ते स्वतः आज आले. म्हणाले, "साहेब, आत्याला अलीकडे घ्या. मला पलीकडे टाका."

"हरकत नाही," निरीक्षक म्हणाले. त्यांनी दोघांच्या जागा बदलून पुन्हा मोजणी केली. "अलीकडे चार. पलीकडे एक. म्हणजे एक शून्य अजून कमीच."

नळ नामंजूर झाला. दुसऱ्या दिवसापासून बादल्या घड्याळजी चढवू लागले. आत्या वरून "सांडू नकोस रे" एवढंच म्हणते.

निरीक्षक मात्र थांबलेले नाहीत. ते घरोघर फिरतायत, आणि एव्हाना तुमच्या जिन्यात आले असतील. तेव्हा हसू नका. तुमच्या हाताशी पाण्याचा पेला असेल, तो कुणी भरून ठेवला, तेवढं आठवून ठेवा.

नाव विचारतात.