डुगडुगती फळी

आयुष्यभर इमारतींच्या कामावर सुपरवायझर राहिल्यामुळे काकांना डुगडुगणारी कुठलीही वस्तू सहन होत नसे. हॉटेलात टेबल हललं, तर चहा यायच्या आत पायाखाली कागदाची घडी सरकवून मोकळे. अशा माणसाच्या घरात फिजिओथेरपिस्ट बाईंनी काकूंसाठी एक गोल फळी पाठवली. तिच्या पोटाला लाकडाचा अर्धगोल.

काकूंचे गुडघे झिजलेले. रोज ओट्याला धरून फळीवर उभं राहायचं, हळूहळू हात सोडायचा. तीस सेकंद जमलं, की काठी सुटणार. लेकीने नवं घर घेऊन वर्ष झालं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकूंनी त्या घराचा उंबरठाही पाहिला नव्हता आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

काकांनी फळी उलटीसुलटी करून पाहिली. वर गवंडीकामातली लेव्हल ठेवली. तिच्या नळीतला बुडबुडा काही केल्या मधोमध ठरेना. (बनवणाऱ्याने माप चुकवलंय, हे कुणीही सांगितलं असतं.) दुपारी काकू झोपल्यावर त्यांनी खालून चार पाचरी ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी काकू चक्क दोन मिनिटं उभ्या राहिल्या.

"अहो, आज हलतच नाहीये."

"तुझा तोल सुधारला," काका घड्याळ बंद करत म्हणाले. छाती जरा फुगलीच होती.

महिन्याने बाईंच्या दवाखान्यातल्या फळीवर मात्र तिसऱ्याच सेकंदाला काकूंनी भिंतीवरचा दांडा पकडला. त्यांचा चेहरा पार पडला. "घरी तर जमतं हो मला."

"घरची मी दुरुस्त केलीय," काका म्हणाले.

बाईंनी फळी काकांपुढे सरकवली. मग म्हणाल्या, "काका, फळी हलते म्हणूनच पाय सावरायला शिकतात, गुडघ्यावरचा भार कमी होतो. तुम्ही राहा बघू उभे."

काकांचे गुडघे ठणठणीत होते. दोन सेकंदांत ते बाईंच्या टेबलाला मिठी मारून होते.

पाचरी त्याच संध्याकाळी निघाल्या. आणखी दीड महिना काकू नेटाने उभ्या राहिल्या आणि एका रविवारी, कठड्याला नुसता हात लावत, तिसरा मजला चढल्या.

लेकीने दार उघडलं. आई मोकळ्या हातांनी उभी. मागून बाबा काठी टेकत, एकेक पायरी मोजत येत होते.

"बाबा, तुमचे गुडघे कधीपासून?"

"गुडघे बरे आहेत गं त्यांचे," काकू उंबरठा ओलांडत म्हणाल्या. "परवा फळीवरून पडले."