मुलाणीकाकांचा पिवळा टॅग

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले मुलाणीकाका रोज सकाळी, स्वतःच्या चहाआधी, एका काचेच्या टाकीत माशांचं खाणं टाकत. चिमूटभरच, पण मन लावून. मग काचेला नाक लावून आत बघत आणि समाधानाने म्हणत, "सडतंय छान."

टाकीत मासे नव्हते. एकही नव्हता. पाणी होतं, तळाशी खडी होती, कोपऱ्यात फिल्टर बुडबुडत होता आणि काचेवर पिवळा टॅग लटकत होता. त्यावर काकांच्या रेखीव अक्षरात लिहिलेलं होतं, 'होल्ड'.

काकांनी उभी हयात चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला काढली. निवृत्त होताना लोक घड्याळ नाहीतर चांदीचा गणपती घेऊन येतात. काका उरलेल्या पिवळ्या टॅगांचं बंडल घेऊन आले. कारखान्यात शंका असलेल्या मालाला हा टॅग लावतात. आता कारखाना नाही म्हटल्यावर काकांनी आमची चिखलीची अख्खी सोसायटी तपासायला घेतली. लिफ्ट कुरकुरली, लावला टॅग. वॉचमनची खुर्ची डुगडुगली, लावला टॅग. माझ्या मेहुणीला स्थळ आलं तेव्हा मुलाचा फोटो हातात घेऊन म्हणाले, "पोरगा ठीक आहे. त्याची आई बघायची राहिलीय. होल्ड." टॅग लावायला त्यांनी खिशात हातही घातला होता, मी तो धरला.

टॅगचे नियम कडक होते. "टॅग लागलेला माल जागचा हलवायचा नाही," काका बजावत. "आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा. जनरल मॅनेजर आला तरी त्याने हात लावायचा नाही." एकदा आमच्या चेअरमननी लिफ्टवरचा टॅग परस्पर काढला. काका पुढे कितीतरी दिवस जिने चढत होते. लिफ्ट दुरुस्त झाली होती, पण टॅग चुकीच्या माणसाने काढला होता ना.

टाकी त्यांनी संक्रांतीच्या सुमारास आणली. काकी जाऊन तीन-चार वर्षं झालेली, एकुलती मुलगी लातूरला दिलेली. तिची लेक जोया उन्हाळ्याच्या सुट्टीत नानांकडे, म्हणजे काकांकडे, येणार होती. "जोया यायच्या आत मासे पोहायला पाहिजेत," काकांनी जाहीर केलं. "आणि पोहत राहायला पाहिजेत."

दुसरं वाक्य त्यांनी जरा हळू म्हटलं होतं. तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

मग सुरू झाली ट्रायल. टाकीखाली वर्तमानपत्र अंथरून ती काठोकाठ भरली आणि कागद ओला होतो का, ते बघत काका शेजारी खुर्ची टाकून बसले. खडी तांदळासारखी धुतली. "एवढे तर मी तांदूळही धूत नाही," माझी बायको सुनंदा म्हणाली. आणलेल्या दगडांवर व्हिनेगर टाकून पाहिलं. एक दगड फसफसला, तो काकांनी खिडकीतल्या कुंडीत हद्दपार केला. "हा पाणी बिघडवणार. चेहऱ्यावरनंच कळलं होतं मला." नळाला एक दिवसाआड येणारं पाणी त्यांनी बादल्या भरभरून पॅसेजमध्ये उघडं ठेवलं, त्यातलं औषध उडून जावं म्हणून. त्या काळात आमच्या मजल्यावरची माणसं भिंतीला पाठ लावून आडवी चालायची.

पिंपरीचा मासेवाला दुकानदार वैतागला होता. "चाचा, लोक सकाळी टाकी नेतात, संध्याकाळी मासे नेतात. तुम्ही नुसतं खाणं नेताय."

"नव्या लाईनवर पहिल्याच दिवशी प्रॉडक्शन कोण घेतं, सांग मला!" काका म्हणाले.

मला त्यांनी नीट समजावलं. माशांची घाण माशांनाच विष असते. ती खाऊन टाकणारे बारीक जंतू असतात, ते फिल्टरच्या स्पंजात घर करतात. नव्या टाकीत ते नसतात, म्हणून मासे मरतात. "आधी कामगार भरती करायचे, भाऊ, मग माल सोडायचा. हे चिमूटभर खाणं म्हणजे त्यांचा पगार."

फेब्रुवारी गेला, मार्च सरत आला. कामगार रुजू होत होते. आणि तेवढ्यात पुतण्याचं लग्न निघालं. बार्शीला जाताना काकांनी किल्ली सुनंदाकडे दिली. "रोज चिमूटभर, वहिनी. बाकी कशाला हात लावू नका."

आता सुनंदा. ही बाई हॉटेलात गेली तरी आधी टेबल पुसते. दोन दिवस तिने निष्ठेने खाणं टाकलं. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ दिसलं, स्पंजावर तपकिरी बुळबुळीत थर दिसला. एकटा माणूस प्रवासाने दमून येणार आणि घरात ही घाण? तिने पदर खोचला. टाकी उपसली, कपडे धुवायच्या पावडरने घासली, नळाचं ताजं पाणी भरलं. टॅगसुद्धा पुसून जागेवर लावला. मी शिफ्टवरून आलो तेव्हा काकांच्या गॅलरीत दोरीवर तो स्पंज चिमटा लावून वाळत होता. 

काका आले. टाकी इतकी चकचकीत होती की समोर उभं राहून भांग पाडावा. त्यांनी काचेवरून एक बोट फिरवलं. मग म्हणाले, "वहिनी, फार कष्ट घेतलेत." चहासुद्धा घेतला. मला सोडायला पॅसेजमध्ये आले तेव्हा हळूच म्हणाले, "सगळे कामगार गेले, भाऊ." एरवी मी हसलो असतो. त्यांचा चेहरा बघून हसू आलं नाही.

जोया यायला थोडेच दिवस राहिले होते. मी म्हटलं, "काका, सोडा राव आता मासे. पोरगी खूश होईल, पुढचं पुढे."

"गेल्या वर्षी तेच केलं ना," काका म्हणाले.

गेल्या सुट्टीत बाजारात जोयाने केशरी मासे बघितले आणि हट्ट धरला. "आयुष्यभर एक बोल्ट तपासल्याशिवाय सोडला नाही मी. आणि पोरगी रडली म्हणून मासे आणले आणि सरळ नळाच्या पाण्यात सोडले. तिने एकेकाला नाव ठेवलं, बोटाने कुरवाळलं. सकाळी सगळे उलटे. मला विचारते कशी, नाना, मी हात लावला म्हणून मेले का?" काकांनी चष्मा काढला. "मी गप्प बसलो. आता तिची आई सांगते, पोरगी शेजारच्या मांजरीलाही हात लावत नाही."

आमच्या दारात सुनंदा उभी होती. तिने डोळे पुसले, चप्पल घातली आणि विचारलं, "काका, घाण कुठे मिळेल?"

जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज, म्हणजे तयार कामगार, मिळाला तर निम्मं काम होणार होतं. चिखलीतल्या एका गॅरेजमध्ये माशांची मोठी टाकी आहे हे मला माहीत होतं. आम्ही तिघे रिक्षाने तिथे गेलो.

"दादा," सुनंदा गॅरेजवाल्याला म्हणाली, "तुमच्या टाकीतली घाण मिळेल का?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "ताई, घाण पाहिजे तेवढी न्या. पण खरं सांगा, करायचंय काय?"

काकांनी आधी त्याचे मासे तपासले, पार चष्मा पुसून. एकालाही रोग नाही अशी खात्री झाल्यावर घाण पास झाली. जो स्टीलचा डबा सुनंदा मला कामावरही नेऊ देत नाही, त्यात तो काळा स्पंज टाकून, मांडीवर धरून तिने तो घरी आणला. रस्त्यात खड्डा आला की रिक्षावाल्याला ओरडत होती. निघण्याआधीच काकांनी घरी टाकी पुन्हा पुन्हा धुऊन, वास घेऊन पावडरचा मागमूस ठेवला नव्हता आणि बादल्यांतलं मुरलेलं पाणी तयार होतं.

जोया आली तेव्हाही टॅग पिवळाच होता. सात-आठ वर्षांची, दोन वेण्यांची पोर. टाकीपासून चांगली लांब उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट धरलेले. 

काकांनी आग्रह केला नाही. रोज सकाळी नळीत टाकीचं पाणी घेऊन ते त्यात औषधाचे थेंब टाकत. हिरवा रंग आला तर पाण्यात विष, पिवळा आला तर पाणी चोख. (हा उलटा कारभार काकांना शेवटपर्यंत पटला नाही.) "बेटा, माझे डोळे गेले. रंग तू सांग." पहिल्या दिवशी तिने लांबूनच सांगितलं, "हिरवा." मग रोज एक पाऊल पुढे. एका सकाळी नळी तिच्याच हातात होती, आणि ती ओरडली, "नाना, पिवळा!" दुसऱ्या दिवशीही पिवळाच.

संध्याकाळी मासे आले. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, हळूहळू टाकीचं पाणी त्यात मिसळलं. "सोड," काका म्हणाले.

हात पुन्हा पाठीमागे गेले. "तुम्ही सोडा. माझा हात नको."

"जोया, मागच्या वेळी पाणी माझं खराब होतं. तुझा हात चांगला होता. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

तिचे पाठीमागचे हात सुटले. मग पुढे झाली, आणि तिने पिशवी तिरपी केली.

मासे जगले. सुट्टीभर जगले. खाणं टाकायचं काम जोयाचं होतं आणि आमच्या जिन्यातल्या मांजराचे लाड करायचंही.

जायच्या दिवशी रिक्षा खाली येऊन थांबली. जोयाने टाकीवरून काकांनी उतरवलेला पिवळा टॅग मागून घेतला आणि नानांच्या सदऱ्याच्या खिशाला अडकवला. "आता तुम्ही होल्डवर. मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही."

काका हसले, हात हलवत राहिले. रिक्षा वळली तरी हलवत होते.

परवा ते मासे दाखवायला सुनंदाला बोलावत होते. सदरा धुतलेला, दुसरा होता. खिशाला टॅग तसाच.

"काका, टॅग काढायचा राहिला की," सुनंदा म्हणाली.

काकांनी खिशावर हात ठेवला. "ज्याने लावला त्यानेच काढायचा असतो, वहिनी."