पट्ट्यावरची पंगत

बळवंतरावांनी आयुष्यात स्वतःच्या डोक्याने फार थोडे निर्णय घेतले. (उरलेले बायकोने, इंदिराबाईंनी, घेतले, म्हणून संसार सुरळीत चालला.) पण लेकीच्या, कृतिकाच्या, लग्नाची बोलणी शेवटाला आली आणि त्यांना एकाएकी वाटलं, या खेपेला आपण ठरवायचं.

देवासच्या उदाजीरावांना मुलगी पसंत होती. त्यांच्या मुलाला, राजवर्धनला, ती त्याहून पसंत होती. राहिला होता फक्त उदाजीरावांचा शेवटचा होकार, आणि तो ते मुलीकडच्यांच्या पंगतीला जेवल्यावर देणार होते. माणसं कशी आहेत ते जेवू घालताना कळतं, असं त्यांचं म्हणणं. याच कारणावरून त्यांनी उज्जैनचं एक चांगलं स्थळ मोडलं होतं.

"धारला बोलवा. मी पुरणपोळी करते," इंदिराबाई म्हणाल्या.

"पुरणपोळी काय, सगळेच करतात. देवासच्या बायपासवर जपानी हॉटेल निघालंय. शुद्ध शाकाहारी! धारवाले मागे नाहीत, हे त्यांनाही कळू दे."

इंदिराबाई स्वयंपाकघरात गेल्या. रविवारी निघताना त्यांच्या हातात एक जड पिशवी होती. बळवंतरावांच्या हातात व्याह्यांना पांघरवायची मानाची शाल होती, त्यामुळे पिशवीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

हॉटेलात मधोमध स्वयंपाकघर, त्याभोवती रबराचा फिरता पट्टा आणि पट्ट्याला लागून टेबलं. पट्ट्यावरून छोट्या बशा संथपणे पुढे सरकत होत्या. बशीत काय, तर थंड भाताच्या गुंडाळ्या, वर काळा पापुद्रा आणि पोटात काकडी.

वेटरने नमस्कार करून समजावलं, "साब, जो पसंद आए, खुद उठा लीजिए। यहाँ कोई परोसता नहीं।"

इथे वाढत नाहीत! बळवंतरावांच्या पणजोबांनी धारच्या दरबारात पंगतीची व्यवस्था पाहिली होती. यजमानाने आग्रह करायचा, पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा पानात पडू द्यायचं आणि पाहुण्याने घास घेतल्याशिवाय यजमानाने अन्नाला शिवायचं नाही, हे घरात अजून पाळत. आणि देवासच्या उदाजीरावांकडे तर ते त्याहून दोन बोटं जास्तच पाळत.

पहिली बशी समोर आली.

"घ्यावं आपण," बळवंतराव म्हणाले.

"छे छे, आधी आपण."

"असं कसं? मी बोलावलंय. आपण पाहुणे."

"बळवंतराव, आपण देवासात आलात. देवासात पाहुणे आपण, यजमान मी."

एवढ्यात बशी निघून गेली. पलीकडच्या टेबलावरच्या चेक्सच्या शर्टवाल्याने ती उचलली.

धारला बोलावलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. आता टेबलावर दोन यजमान होते, दोन पाहुणे होते, आणि माणसं मात्र दोनच! यजमान म्हणून ते आधी खाऊ शकत नव्हते आणि पाहुणा म्हणून उदाजीरावांनी आग्रह केला की नको म्हणणं भाग होतं. आधी हात घातला असता तर पंगत मोडली असती आणि सोयरीकही.

दुसरी बशी आली. "घ्यावं." "नको, आपण." गेली. तिसरी आली. "निदान एक तरी." "आपण सुरुवात करा." तीही गेली. चेक्सचा शर्टवाला आता आपल्या बायकोला माळवी हेलात सांगत होता, "भिया लोग कुछ खा ही नहीं रहे, अपना तो काम बन गया।"

थोरल्यांनी सुरुवात केल्याशिवाय बायका खाणार नव्हत्या आणि बायकांनी केल्याशिवाय मुलं. कृतिका कुजबुजली, "बाबा, प्लीज, उठाओ ना. राजवर्धन सकाळपासून उपाशी आहे." राजवर्धन पट्ट्याकडे डोळे लावून बसला होता. (कृतिकाकडे त्याने इतकं टक लावून कधी पाहिलं नव्हतं.)

तेवढ्यात बळवंतरावांना दिसलं, उदाजीरावांचा हात थरथरतोय. कपाळ ओलं झालंय, ओठ घट्ट मिटलेत. रागावले! संपलं. उज्जैनसारखंच इथेही.

सीताबाई, उदाजीरावांच्या पत्नी, घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तुम्ही शुगरची गोळी घेऊन आलात ना? मग पोटात काहीतरी जायलाच हवं. चक्कर येईल."

"आधी पाहुणे," उदाजीराव दात आवळून म्हणाले.

राग नव्हता, भूक होती! बळवंतराव ताडकन उठले. वाढायला कोणी नाही ना? मग आपण वाढू. पणजोबांचं स्मरण करून त्यांनी पट्ट्यावर वाकून दोन्ही हातांनी बशी धरली. हातावरची शाल मात्र धरायची राहिली. तिचं टोक पट्ट्याच्या फटीत शिरलं, पट्ट्याने ते ओढलं, बशी सुटली, आणि मानाची शाल भाताच्या गुंडाळ्या ढकलत स्वयंपाकघराच्या दिशेने निघाली. पुढे कुठेतरी कर्र असा आवाज झाला आणि पट्टा जागच्या जागी थांबला.

"अरे, मोटर बंद करो!" वेटर ओरडत धावला. सगळं हॉटेल बळवंतरावांकडे पाहू लागलं. लेकीचं लग्न आपण आपल्या हाताने मोडलं, असं त्यांना वाटलं आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

तेव्हा इंदिराबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. डबा उघडला. तुपाचा वास सुटला. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही, उदाजीरावांच्या हातावर सरळ पुरणपोळी ठेवली.

"भाऊसाहेब, हे हॉटेल ना तुमचं, ना आमचं. पोळी माझ्या हातची आहे. यजमान मी. खा."

उदाजीरावांनी एकदाही नको म्हटलं नाही. दुसऱ्या पोळीला त्यांच्या हाताची थरथर थांबली, तिसरीला चेहऱ्यावर रंग आला. मग सीताबाई, मुलं, बळवंतराव सोडून सगळेच जेवले. हात पुसत उदाजीराव म्हणाले, "वहिनी, कृतिका आमची झाली. लग्न धारला करा. आणि जेवणाचं तुम्ही बघा, बळवंतरावांना मध्ये घेऊ नका."

बळवंतरावांच्या मनावरचं ओझं उतरलं आणि पोटात एकदम कावळे ओरडू लागले. डब्यात एकच पोळी उरली होती. उदाजीरावांनी डबा त्यांच्यापुढे केला, "घ्या, व्याही."

"छे छे, आधी आपण," बळवंतराव सवयीने म्हणाले आणि दुसऱ्या आग्रहाची वाट पाहू लागले.

"बरं," म्हणाले उदाजीराव, आणि पोळी खाऊन टाकली.

सगळे उठून दाराकडे गेले. बळवंतराव मागे रेंगाळले. त्यांच्या अगदी समोर, बंद पट्ट्यावर, एक काकडीची बशी केव्हाची उभी होती. इकडेतिकडे पाहून, कोणालाही आग्रह न करता, त्यांनी हात पुढे केला.

तेवढ्यात वेटरने शाल ओढून काढली आणि मोटर सुरू केली. बशी निघाली, वळली आणि चेक्सच्या शर्टवाल्यापाशी पोचली.

तो बशी उचलता उचलता थांबला. एवढ्या वेळात त्यालाही धारची रीत कळली असावी.

"भिया, पहले आप?"

"नहीं नहीं," बळवंतरावांच्या तोंडून निघून गेलं, "आप लीजिए।"