नागोजी तांबटाच्या बिचव्यास परवाना जाहाला त्याची हकीकत

श्रीगणेश प्रसन्न. कुलस्वामिनी प्रसन्न. आणि ज्याच्या मोहोरेवाचोन पान हलत नाही, तो दफ्तरखानाही प्रसन्न असो. शके सोळाशें पन्नास, कीलकनाम संवत्सरे, वैशाखमासी, ज्या राज्याचे नाव लिहिण्यास आम्हांस परवाना नाही त्या राज्यात वर्तमान जाहाले ऐसे जे, एका कसब्यात नागोजी तांबट राहात होते, मनगटाचे दणकट आणि काळजाचे हळवे, आणि त्यांच्या भिंतीस भिंत लावोन चांगोजी कोष्टी राहात होते, आणि इकडे हातोडा तिकडे माग, ऐसे दोघांचे अवघे आयुष्य एकमेकांचा आवाज ऐकण्यात गेले होते. मग एके दुपारी चांगोजींची नात तापाने फणफणली, आणि नेमके तेव्हांच नागोजी लग्नाचे घंगाळ ठोकीत बसले, आणि चांगोजी मुसळ घेऊन धावोन आले आणि भर आळीत गर्जले, "नागोबा, आणखी एक ठोका ऐकला, तर तुझाच हातोडा तुझ्या टाळक्यात घालीन!" तेणेकरोन नागोजींची झोप उडाली, अन्न गोड लागेना, आणि बाहीत बिचवा लपवोन हिंडावे ऐसा त्यांनी निश्चय केला.

त्या राज्याची चाल ऐसी की, तरवार उघडी मिरविल्यास कोणी पुसत नसे, परंतु वस्त्राआड हत्यार बाळगावयाचे तर दफ्तरखान्याचा परवाना पाहिजे. मग नागोजींनी अर्ज केला, अर्जाची नक्कल केली, नकलेचीही नक्कल केली, आणि एका कारकुनाने बिचवा मोजिला, दुसऱ्याने बाही मोजिली, तिसऱ्याने बिचवा बाहीत घालोन पाहिला आणि शेरा मारिला की "मूठ दिसते, सबब हत्यार गुप्त नाही," आणि नागोजी शिंप्याकडोन नवी बाही शिवोन घेऊन आले. मग दफ्तरदार लखमोपंत बोलिले, "आता जामीन आणावा. भिंतीस भिंत असेल त्याच शेजाऱ्याने अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवोन साक्ष द्यावी." नागोजींच्या घरास एके अंगी ओढा आणि दुसरे अंगी चांगोजी. ओढ्यास बोलावणे शक्य नव्हते, म्हणोन प्यादा चांगोजींकडे गेला.

चांगोजी आले आणि नागोजींच्या खांद्यावर हात ठेविला. पंतांनी पुसिले, "हा मनुष्य कैसा?"

"गरीब गाय आहे, महाराज. मी मुसळ घेऊन धावलो, तरी यानं हात उचलला नाही."

"मग यास भय कोणाचे?"

"माझंच की! नात आजारी, डोकं फिरलं माझं. बोलू नये ते बोललो. द्या त्याला बिचवा, निदान झोप तरी लागेल."

कचेरी हसली. नागोजी तोंड उघडणार, तोंच पंतांनी हात वर केला आणि आज्ञा केली, "राग निवावा म्हणोन दसऱ्यापर्यंत मुदत आहे. मुदतीत अर्जदाराने जामिनाशी एक अक्षर बोलों नये. बोलल्यास जामीन फितविला ऐसे समजोन अर्ज रद्द होईल." राग तर तेथेच निवाला होता, परंतु तैसे लिहिण्यास कागदावर जागा नव्हती. नको तुमचा परवाना, ऐसे नागोजींनी तेथेच म्हणावयाचे होते. ते त्यांना सुचले नाही. इतके हेलपाटे जाहाले, बाही नवी शिवली, आणि दसरा काय लांब आहे, सोने देऊन गळाभेट घेऊ आणि सारे बोलू, ऐसे त्यांनी मनाशी योजिले. हाय हाय, मनुष्य मनाशी काय काय योजितो!

मग नात निजावयाच्या वेळेस नागोजी हातोडा खाली ठेवीत, आणि पलीकडोन माग चाले तो ऐकत बसत. भाद्रपदात माग थांबला. चांगोजी तापाने अंथरुणास खिळले. नागोजी धावोन गेले, उशाशी बसले आणि "चांगो" इतके म्हणावयास ओठ हलविले, तोंच चांगोजींनी आपल्या ओठांवर बोट ठेविले, मान हलविली आणि नागोजींच्या बाहीकडे खूण करोन हसले. मित्राचा परवाना बुडू नये म्हणोन मरतां मरतां त्यांनी त्यास गप्प केले, आणि नागोजी गप्प राहिले. हात हातात घेऊन बसले आणि उठोन घरी आले. दुसरे दिवशी चांगोजी वारले.

दसऱ्यास परवाना जाहाला. पंतांनी मोहोर उठविली आणि रिवाजाप्रमाणे वाचोन दाखविले, "मुदत सरली. आता जामिनाशी बोलण्यास मोकळीक आहे."

"कोणाशी बोलू, पंत?" नागोजींनी पुसिले.

"मयताची खबर दफ्तरी आली नाही," पंत खाली पाहोन बोलिले.

मग नागोजी आपट्याची पाने घेऊन चांगोजींच्या घरी गेले, ती मागावर ठेविली आणि रिकाम्या मागासमोर बसोन, "चांगोबा, घंगाळ उद्या ठोकलं असतं तरी चाललं असतं रे, चुकलं माझं," ऐसे मोठमोठ्याने रडो लागले. चांगोजींची बायको गिरजाई आतोन आली, डोळे पुसीत उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, हळू. ते असते तर ओरडले असते. नात निजलीय."

येणेप्रमाणे परवाना जाहाला. नियम कोणाच्या वाइटासाठी केला नव्हता, आणि बिचव्याने कोणाचे रक्त सांडले नाही, हे राज्याचे यश लिहिले पाहिजे. नागोजींनी मात्र बिचवा पुन्हा बाहीत घातला नाही, कारण भ्यावे ऐसा शेजारी उरला नव्हता. जैसे घडले तैसे लिहिले. लिहितां हळहळ वाटली, तीही येथेच नमूद केली. इति.