अकरा घरांची साक्ष

कायदा सर्वांना समान आहे. काहींना फक्त त्याच्यापर्यंत जायला एस.टी. पकडावी लागते.

आमच्या गावची वर्षाली अशीच सकाळच्या गाडीने तालुक्याच्या ठाण्यात गेली. डावा हात प्लास्टरमध्ये. तिच्या नवऱ्याने, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या अंकुशने, तो आदल्या दिवशी दारातच पिरगाळून मोडला होता. सोबत शेजारची तानाबाई. (वय सत्तर, दोन्ही कान कामातून गेलेले.)

जमादार मोठे सहृदय. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तपास सुरू केला.

"काऊन मारलं त्यानं?"

"डब्यात ठेचा नाई दिला म्हणून."

"मंग द्याचा होता ना, बाई. दोन मिरच्यांसाठी कोणी संसार मोडते का?"

"संसार नाई साहेब, हात मोडला. लिहून घ्या."

लिहून घेण्यात अडचणी होत्या. महिला शिपाई बंदोबस्तावर होती. शिवाय आमचं गाव तंटामुक्त आहे, वेशीवर तशी पाटीच आहे; तक्रार नोंदवली तर पाटी खोटी पडली असती. तेव्हा जमादारांनी अंकुशला बोलावून, समजूत घालून, दोघांना एकाच गाडीने परत पाठवलं. (यालाच पोलीस संरक्षण म्हणतात.) रस्ताभर अंकुशने तिची पिशवी धरली; घरी पोचल्यावर तिची मान.

दुसऱ्या दिवशी वर्षाली माहेरी निघून गेली आणि तिथून थेट जिल्ह्याच्या संरक्षण अधिकारी मॅडमकडे. मॅडमनी अर्ज लिहिला, प्रकरण कोर्टात लागलं. चार तारखा पडल्या; पाचव्या तारखेला साक्षीदार लागले.

तिचं सोडून गल्लीत अकरा घरं. दहा घरांना त्या दिवशी काहीच ऐकू आलं नव्हतं. (एरवी कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हे गल्लीच्या या टोकाला त्या टोकाचं कळतं.) उरली तानाबाई.

अंकुशचे वकील तिच्या कानाशी तीनदा ओरडले, "आजी, तुम्हाला तर ऐकूच येत नाही!"

"नाई येत. म्हणून तं पाहत राह्यते," तानाबाई म्हणाली. "ह्याच डोयानं पाह्यलं, बापू. यानं हात मुरगाळला अन् दहा घरांची दारं लागली."

आदेश निघाला: अंकुशने गल्लीतल्या त्या घरात पाय ठेवायचा नाही. त्या दुपारी वर्षाली घरी आली आणि दार उघडं टाकून दोन तास झोपली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

गल्ली मात्र दुखावली आहे. घरची गोष्ट बाहेर नेली, म्हणून आम्ही तिच्याशी बोलत नाही. माझी आणि तिची भिंत एकच. तुमच्याही भिंतीपलीकडे कुणी राहत असेलच. तेव्हा टीव्हीचा आवाज कधी आणि किती वाढवायचा, हे तुम्हाला मी काय सांगावं!