सुलभावहिनींच्या राजाची उडी

जानूभाऊ मोबाईलशी भांडायचे. मोबाईलवर नव्हे, मोबाईलशी. सकाळी पाववाल्या पोदेराकडून उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायचे, चहात बुडवायचे आणि मोबाईलमधल्या बुद्धिबळाच्या मशीनला दरडावायचे, "चल, कर मात! बघूया!" थोड्याच वेळात मात व्हायची. मग शिव्या.

आमच्या धारगळ गावात आजही सांगतात, की जानूभाऊंनी त्या मशीनला हरवलं. तसं घडलेलं नाही. ती गोष्ट माझ्या शब्दामुळे पसरली. आता जानूभाऊ नाहीत, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

मी निवृत्त शाळामास्तर, त्यांचा शेजारी. एकदा त्यांना समजावलं, "अहो, पूर्वी जगज्जेता मशीनकडून हरला तेव्हा केवढी बातमी झाली होती! आता खिशातला मोबाईलसुद्धा ग्रँडमास्टरांना हरवतो. ते त्याच्याशी झुंजत नाहीत, त्याच्याकडून शिकतात."

"शिकूं दी. पण ह्याका नेम खबर ना."

नेम म्हणजे जुना देशी नियम. राजाला तोवर एकदाही शह बसला नसेल, तर डावात एकदा तो घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शकतो. जानूभाऊ बोटाने राजाला उडी मारायला लावत आणि मशीन राजाला सरकन मूळ घरात परत आणून ठेवी.

"बघा मास्तर, मशीन भियेलो!"

हायवेवरच्या चहाच्या गाड्यावर कुणीतरी टोचायचंच. "काय जानूभाऊ, आज खंय मेलो तुमचो राजा?"

"तुझ्या बापायक अजून घोडो कसो चलता तें कळना. तू गप रव."

मलाही हसू यायचं. हा माणूस जगातल्या सगळ्यात बलाढ्य खेळाडूला आपल्या गावचा नियम शिकवायला निघाला होता. कशासाठी, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नाही.

एका दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. मेजावर पट होता, त्यावर अर्धा राहिलेला डाव. "हो सुलभाचो डाव," ते म्हणाले.

सुलभावहिनी सावंतवाडीच्या. लग्नानंतर जानूभाऊंना बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं, आणि जन्मभर हरवलंही त्यांनीच. शेवटच्या डावात चाल वहिनींची होती. त्या इस्पितळात गेल्या त्या परत आल्या नाहीत.

"मास्तर, हो डाव ह्यात मांडून दिया."

मी मांडला. मशीनने क्षणात निकाल दिला. पांढरा जिंकतो. पांढरी मोहरी जानूभाऊंची होती.

"म्हणजे ती हरली?"

"मशीनच्या हिशेबाने... हो."

"तिच्या राजाक अजून शह बसूंक ना, मास्तर. तिका उडी आसा! तितकीच ह्या मेल्याक कळना." आयुष्यात पहिल्यांदा ते जिंकत होते आणि ते त्यांना सोसत नव्हतं.

डाव मांडतानाच राजा उडी मारल्यानंतरच्या घरात ठेवून मशीनला विचारता आलं असतं. जानूभाऊंना ते ठाऊक नव्हतं. त्यांना न सांगता मी घरी येऊन माझ्या मोबाईलवर तसा डाव मांडला. राजा उडी मारून बसला होता, तरी पांढराच जिंकत होता. पुन्हा मांडून पाहिला. तेच.

दुसऱ्या दिवशी गाड्यावर सगळ्यांसमोर जानूभाऊंनी विचारलं, "मास्तर, काय तां खरां सांगा. उडी मारली तर?"

जन्मभर मी मुलांची गणितं तपासली. चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण कधी केली नव्हती.

"उडी मारली की मशीन हरतं," मी म्हणालो.

गाड्यावर एकच हशा उठला आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, जानूभाऊंनी मशीनला हरवलं. जानूभाऊ मात्र हसले नाहीत. चहा अर्धा टाकून घरी गेले.

दिवेलागणीला त्यांची हाक आली. मी गेलो तर जुना डाव उचलून झाला होता, पट पुसलेला होता आणि मोहरी नव्याने मांडलेली होती.

"तुमी पांढरी घेयात," ते म्हणाले, आणि पट्ट्यांची आपली खुर्ची माझ्याकडे सरकवून पलीकडे वहिनींच्या जागेवर, काळ्यांच्या बाजूला जाऊन बसले.