रिपोर्टच्या प्रकृतीत सुधारणा

लातूरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, भागवत आडत्याचे वडील आप्पासाहेब यांच्या जठरातून दुर्बिणीने काढलेले तुकडे संख्येने चार होते आणि आकाराने मुगाच्या डाळीएवढे. ते मेणाच्या ठोकळ्यात बसवून तपासण्यात आले. सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. तो वाईट होता. खरं तर इथे ही गोष्ट संपायला हवी होती आणि ऑपरेशन सुरू व्हायला हवं होतं.

डॉ. सुकन्या बिरादार यांनी भागवतला समोर बसवून समजावलं. "पोटाच्या कॅन्सरच्या पेशी ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या. एक एकमेकींना धरून गाठ करून राहतात. दुसऱ्या कुणालाच धरत नाहीत, सुट्या सुट्या भिंतीत शिरत जातात. तुमच्या वडिलांच्या दुसऱ्या तऱ्हेच्या आहेत, त्या जरा अवघड. पण अजून जठराबाहेर गेलेल्या दिसत नाहीत. बुधवारी ऑपरेशन करू."

भागवतने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि त्यातलं 'दुसऱ्या तऱ्हेच्या' एवढंच घरी नेलं.

वीस वर्षं सोयाबीनचा धंदा केलेल्या माणसाचं शिक्षण पक्कं असतं. एकाच पोत्याचं मॉइश्चर एका दुकानातल्या मशीनवर चौदा आणि समोरच्या दुकानात साडेअकरा येतं, हे त्याने हजारदा पाहिलं होतं. त्यात कुणी खोटं बोलतं असं त्याला कधी वाटलं नाही. मालाची प्रत मालात नसते, तो कुठे दाखवला त्यावर असते, एवढाच बोध त्याने घेतला होता.

"लॅब बी मशीनच हाय की," देगलूरहून शेषेराव मामा फोनवर म्हणाले. मामांनी सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं पट्ट्या बांधल्या होत्या, त्यामुळे सर्व रोगांबाबत अंतिम मत देण्याचा अधिकार त्यांच्याकडे आपोआप आला होता. "एका कागदावर पोट फाडू देतेत व्हय, भाच्या? तपासलेल्या काचा घे, ठोकळा घे अन् नांदेडला दाखव."

आप्पासाहेबांना अल्सर आहे असं सांगण्यात आलं होतं. पेशंटला सर्वांत शेवटी सांगावं ही आपल्याकडची रीत. त्याआधी मोंढ्यातले हमाल, गल्लीतला न्हावी आणि बिलोलीची चुलत आत्या यांना रीतसर कळवण्यात आलं.

बुधवार पुढे ढकलला गेला. नांदेडचा रिपोर्ट दहा दिवसांनी आला. त्यात लिहिलं होतं, 'मिश्र प्रकार.'

"मिश्र म्हंजे कसं, मामा?"

"म्हंजे निम्म्या सुधारल्या."

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बावीस जणांनी हात जोडले. ज्या रिपोर्टने एका खेपेत इतकी प्रगती दाखवली, त्याला आणखी एक संधी न देणं अन्यायाचं झालं असतं. मामांच्या ओळखीने ठोकळा हैदराबादला गेला. तिथून उत्तर आलं, 'प्रामुख्याने गाठ करून राहणाऱ्या पेशी, क्वचित सुट्या.' या 'क्वचित'वर ग्रुपमध्ये दिवसभर समाधान व्यक्त होत राहिलं.

दवाखान्यातून फोन आला. भागवत उत्साहाने म्हणाला, "मॅडम, लई सुधारणा हाय. आणखी एक येऊ द्या."

"सुधारणा कशात?"

"रिपोर्टात."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशंटला घेऊन या." पण पेशंट हा या प्रकरणातला पक्षकार नव्हता. तो घरी बाजेवर पडून होता.

भागवतच्या बायकोने, आरतीने, एकदा ताट उचलता उचलता विषय काढला. "रिपोर्ट सुधारायलाय म्हणता, पण आप्पांची भाकर अर्ध्यावर आली. धोतर दोनदा आवळून बांधतेत."

"भाकरीचा रिपोर्ट येत नसतो," भागवत म्हणाला. बायकांना शास्त्रातलं कळत नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

ठोकळ्याचंही एक शास्त्र असतं. प्रत्येक लॅब त्यातून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढते आणि तुकडा तेवढा झिजत जातो. चौथ्या लॅबकडे, सोलापुरात, पोचेपर्यंत त्यात मेण बरंच होतं आणि आप्पासाहेब फार थोडे. त्या लॅबने प्रामाणिकपणे लिहिलं, 'पाठवलेल्या ठोकळ्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.' त्याखाली बारीक अक्षरात होतं, 'नमुना संपला आहे.'

वरचं वाक्य दुकानात मोठ्याने वाचण्यात आलं. बारीक अक्षर वाचायची मोंढ्यात पद्धत नाही. मोंढ्यात पेढे वाटले गेले. आडत्यांच्या बैठकीत भागवतला हार घालण्यात आला आणि 'पुत्र असावा तर असा' या आशयाचं भाषणही झालं. मामा देगलूरहून स्वतः आले आणि आपण पहिल्या दिवसापासून काय म्हणत होतो, ते सगळ्यांना सांगत फिरले.

संध्याकाळी आप्पासाहेबांच्या हातावर पेढा ठेवला गेला. त्यांनी चिमटीभर खाल्ला आणि उरलेला परत दिला.

"कशाचे पेढे?"

"अल्सर बरा झाला, आप्पा."

"भागवत, अल्सरला बिलोलीहून आत्या भेटायला येत नसती."

मामा पेढ्याचा खोका बंद करू लागले.

"रिपोर्ट बरा झाला आसंल तर त्याला घरी आराम करू दे," आप्पासाहेब म्हणाले. "उद्या मला ने."

डॉ. बिरादार यांनी चारही रिपोर्ट ओळीने मांडून वाचले. "कॅन्सरच्या पेशी संपल्या हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ठोकळ्यातल्या."

पहिल्या बुधवारनंतर त्रेचाळिसाव्या दिवशी ऑपरेशन झालं. आता लॅबला डाळीएवढा तुकडा नव्हे, जवळजवळ अख्खं जठर मिळालं, त्यामुळे मतभेदाला जागा उरली नाही. पेशी पहिल्या रिपोर्टात होत्या त्याच होत्या, दुसऱ्या तऱ्हेच्या. फक्त जठराशेजारच्या अठरा लसिकागाठींपैकी सातांत त्या पोचल्या होत्या.

"प्रकार बदलला नाही," बाई म्हणाल्या. "मुक्काम बदलला."

"मग पुढं कसं?" आप्पासाहेबांनी विचारलं. आजवर या प्रकरणात त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनीच विचारलं.

"औषधं देऊ, प्रयत्न करू. पहिल्या बुधवारी विचारलं असतंत तर जास्त भरवशाने सांगितलं असतं."

भागवत खाली मान घालून उभा होता. आप्पासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "त्याला बोलू नका, बाई. माझ्यासाठी लई फिरला. फक्त मला संगं न्यायचं राहिलं."

आप्पासाहेब सध्या चमच्याने पेज घेतात आणि दर तीन आठवड्यांनी सलाईन लावून येतात. भागवत त्यांच्या शेजारी बसून असतो, दुकान बंद ठेवून. चौथ्या लॅबची कीर्ती मात्र मोंढ्याबाहेर पसरली. कुणी मूत्रपिंडाचा रिपोर्ट घेऊन येतं, कुणी साखरेचा. भागवत शहाणा झालेला आहे. तो कुणालाही अर्ध्यात सोडत नाही. ठोकळा कसा झिजला, दिवस कसे गेले, गाठी किती निघाल्या, सगळं सांगतो. लोक चुकचुकतात, 'लई वाईट झालं' म्हणतात, आप्पासाहेबांची विचारपूस करतात आणि निघता निघता खांद्यावर हात ठेवून विचारतात, "ते आसू द्या. पण ती लॅब कोणती?"

त्या लॅबचं नाव या गोष्टीत कुठेही दिलेलं नाही. सोलापूर शब्दाच्या आसपास तुम्ही ते एकदा शोधलंत, तेव्हा तुमच्या लक्षात आलंच असेल.